स्वस्त वेबकॅम चालत नाही? ड्रायव्हर शोधण्याआधी हे बघा

पाचशे-सातशे रुपयांचा वेबकॅम रुसला की गिऱ्हाईक दोनपैकी एक वाक्य बोलतं. "ताई, जरा ड्रायव्हर टाकून द्या", नाहीतर "फेकूनच देऊ का?" माझं इचलकरंजीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मला लाइव्ह फोटो लागायला लागल्यापासून पोरं असले कॅमेरे घेऊन रोज येतात. बहुतेक वेळा ड्रायव्हरही टाकावा लागत नाही आणि कॅमेराही फेकावा लागत नाही.

ड्रायव्हरचं, म्हणजे कॅमेरा चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, आधी मिटवते. यूएसबी व्हिडिओ क्लास, म्हणजे यूव्हीसी, हे मानक २००३ साली आलं. त्यात बसणारा कॅमेरा चालवायची सोय विंडोजमध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून आणि लिनक्समध्ये २००८ पासून आतच आहे. आज दुकानात मिळणारे जवळपास सगळे कॅमेरे यूव्हीसीच असतात. त्यामुळे 'वेबकॅम ड्रायव्हर फ्री डाउनलोड' असं शोधून जे हाती लागतं, त्यात ड्रायव्हर कमी आणि जाहिरातींचा कचरा जास्त. तो कचरा काढायचे पैसे मी वेगळे घेते.

अपवाद जुन्या कॅमेऱ्यांचा. सोबत छोटी सीडी यायची ते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, कॅमेऱ्यावर डबल क्लिक करा, डिटेल्समध्ये 'कम्पॅटिबल आयडीज' निवडा. तिथे 'क्लास_०ई' दिसलं तर कॅमेरा यूव्हीसी आहे, ड्रायव्हरचा विषय बंद. दिसलं नाही तर विंडोज १० किंवा ११ वर त्याच्यामागे दिवस घालवू नका. यातले बरेच कॅमेरे लिनक्सवर मात्र मुकाट्याने चालतात.

आता मुख्य प्रश्न: कॉम्प्युटरला कॅमेरा दिसतोय का? डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून पिन लावा. लावताना टुंग असा आवाज आला पाहिजे आणि 'कॅमेराज' किंवा 'इमेजिंग डिव्हायसेस'खाली नाव उगवलं पाहिजे. काहीच हललं नाही, किंवा 'अननोन यूएसबी डिव्हाइस' असं पिवळ्या चिन्हासकट आलं, तर विंडोजच्या सेटिंगला हात लावू नका. दोष पोर्टात, नाहीतर केबलमध्ये.

पोर्ट तपासणं सोपं. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढची पोर्टं सोडा आणि मागे, थेट मदरबोर्डवर लावा. पुढची पोर्टं आतून बारीक वायरने जोडलेली असतात, त्यात पिन घालून-काढून ती ढिली होतात. हब (एका पोर्टाची अनेक तोंडं करणारा डबा) आणि एक्स्टेन्शन केबल काढून टाका. यूएसबी २.० च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, पण अॅडॉप्टर नसलेल्या हबच्या एकेका तोंडाला हिशोबाने १००च. भिंगाभोवती एलईडीची माळ असलेला कॅमेरा तेवढ्यावर जगत नाही. मध्येच बंद पडतो, पुन्हा टुंग होतं, पुन्हा बंद.

पोर्ट बदलूनही तेच असेल तर केबल. स्वस्त कॅमेऱ्याचा निम्मा आजार इथेच असतो. गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "पण लाइट तर लागतोय." लागणारच. यूएसबीच्या केबलमध्ये चार वायरी असतात: लाल पाच व्होल्टची, काळी ग्राउंड, हिरवी आणि पांढरी डेटाची. लाइटला लाल-काळी पुरते. हिरवी किंवा पांढरी आतून तुटली की कॅमेरा जिवंत दिसतो, पण कॉम्प्युटरशी बोलत नाही. तुटायची जागाही ठरलेली. पिनेच्या मागे रबराची मान संपते तिथे, नाहीतर कॅमेऱ्याच्या डब्यात केबल शिरते तिथे. तिथे केबल धरून हळू वाकवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव येतंय-जातंय असं झालं की जागा सापडली.

सोल्डरिंग येत असेल तर हे काम अर्ध्या तासाचं आहे. मानेपासून दोन-तीन इंच केबल कापून टाका. जुन्या प्रिंटरची किंवा मोबाइलची डेटा केबल घ्या, तिचा पिनेकडचा तुकडा कापा. नुसतं चार्जिंग होणारी केबल घेऊ नका, तिच्यात बऱ्याचदा डेटाच्या वायरी नसतातच. मेलेल्या माउसची केबल हाताशी असते आणि रंगही जुळतात, पण तीही नको. माउसला वेग लागत नाही, म्हणून तिच्यात पीळही नसतो आणि वरची जाळीही नसते. कॅमेऱ्याचा डेटा तिच्यातून नीट जात नाही. रंगावर विश्वास ठेवू नका, चारही वायरी मल्टिमीटरने पिनेपर्यंत तपासून घ्या. चिनी केबलमध्ये मी लालच्या जागी निळीही पाहिली आहे. हिरव्या-पांढऱ्याचा पीळ जोडाच्या जवळपर्यंत तसाच ठेवा, प्रत्येक जोडावर वेगळी स्लीव्ह, म्हणजे वायर झाकणारी नळी, घाला, आणि कॉम्प्युटरला लावण्याआधी लाल-काळी शॉर्ट नाही ना, हे मीटरवर बघा. शॉर्ट राहिली तर कॅमेरा राहील बाजूला, पोर्ट जाईल.

नाव व्यवस्थित येतंय पण चित्र येत नाही, ही गोष्ट वेगळी. विंडोजचं कॅमेरा अॅप उघडा आणि तिथे येणाऱ्या एरर कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. ४२४४ म्हणजे कॅमेरा सापडलाच नाही, परत केबलकडे जा. ४२४३ म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने तो धरून ठेवलाय. झूम, टीम्स, ब्राउझरचा एखादा विसरलेला टॅब, सगळं बंद करा. तरीही नाही तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली कॅमेरा बघा. अॅपसाठीचं बटण चालू असतं, पण खाली डेस्कटॉप अॅपसाठी वेगळं बटण आहे ते बंद असतं. ब्राउझरला पत्त्याशेजारच्या चिन्हावरून परवानगी द्यावी लागते, आणि लॅपटॉप असेल तर तिथेच यादीतून आतला कॅमेरा सोडून बाहेरचा निवडावा लागतो. काही अँटिव्हायरसही कॅमेरा अडवून बसतात.

चित्र येतंय पण बेकार, ही तक्रार सगळ्यात जास्त. धुरकट असेल तर आधी भिंगावरची पारदर्शक पट्टी काढली का बघा. हसू नका, महिनोन्महिने तशीच ठेवणारे आहेत. मग भिंगाभोवतीची कडी फिरवा. स्वस्त कॅमेऱ्यात ऑटोफोकस नसतो, फोकस हातानेच लावायचा. तुम्ही बसता तेवढ्या अंतरावर छापलेला कागद धरा आणि अक्षरं स्पष्ट होईपर्यंत केसभर-केसभर फिरवत जा. काही कडीला डिंकाचा थेंब असतो, तो नखाने काढा, जोर लावू नका.

चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर ट्यूबलाइट आणि कॅमेरा यांचा ताल चुकतोय. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि कॅमेरा कधी कधी ६० धरून बसलेला असतो. ओबीएस हा फुकट प्रोग्राम टाका, त्यात कॅमेरा जोडून 'कॉन्फिगर व्हिडिओ' उघडा आणि 'पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी' ५० करा. काही कॅमेरे पिन काढली की हे विसरतात, मग पुन्हा करायचं.

हात हलवला की मागे सावली ओढली जाते, ते अंधारामुळे. उजेड कमी पडला की कॅमेरा एकेक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो आणि ३० ऐवजी १०-१५ फ्रेमवर येतो. खिडकीकडे पाठ नाही, तोंड करून बसा. भरपूर उजेडातही अडखळत असेल तर ओबीएसमध्येच व्हिडिओ फॉरमॅट बघा. १२८० बाय ७२० चं न दाबलेलं चित्र ३० फ्रेमने पाठवायला सेकंदाला ४४० मेगाबिट लागतात. यूएसबी २.० ची सगळी वाट ४८०ची, आणि ती पूर्ण कॅमेऱ्याला कधीच मिळत नाही. म्हणून फॉरमॅट 'एमजेपेग', म्हणजे चित्र दाबून पाठवणारा, निवडा. ती सोय यादीतच नसेल तर ६४० बाय ४८० वर समाधान माना, फॉर्मच्या फोटोला तेवढं पुष्कळ होतं.

काळा शर्ट जांभळट दिसत असेल तर आत इन्फ्रारेड अडवणारी काच घातलेलीच नाही. सेटिंगने ते जात नाही. ऊन किंवा पिवळा बल्ब टाळून एलईडीच्या उजेडात बसलात की बरंच कमी होतं.

आवाजाचं एकच. कॅमेऱ्याला गुलाबी रंगाची वेगळी गोल पिन असेल आणि लॅपटॉपला हेडफोन-माइकचं एकच भोक असेल, तर ती पिन तिथे चालणार नाही. शंभर-दीडशेचा स्प्लिटर लागतो, दोन भोकांचा.

पोर्ट, केबल, फॉरमॅट सगळं बदलूनही चित्र हिरवं किंवा रेघारेघांचं येत असेल तर सेन्सर गेला. मी अशाला हात लावत नाही, मजुरीत नवा येतो. नवा आणाल तेव्हा खोक्यावरच्या '१०८०पी'वर जाऊ नका. घरी आल्याआल्या कागदावरची बारीक अक्षरं मोठ्या आणि लहान रिझोल्यूशनवर दाखवून बघा. मोठ्यावर चित्र नुसतं फुगलं आणि अक्षरं तेवढीच अस्पष्ट राहिली, तर आत ६४० बाय ४८० चाच सेन्सर आहे. परत द्यायची मुदत संपायच्या आत हे करा, खोका आणि बिल तोवर जपून ठेवा.