घरातलं खातेवाटप : भांडी कुणाकडे, मोरी कुणाकडे

समलिंगी लग्नाला पहिली कायदेशीर मान्यता नेदरलँड्समध्ये १ एप्रिल २००१ रोजी मिळाली. त्यानंतर तीसहून जास्त देशांनी तसे कायदे केले. आशियात तैवान पहिलं, २४ मे २०१९ला. थायलंड २३ जानेवारी २०२५ला. यातल्या एकाही कायद्यात रात्रीची भांडी कुणी घासायची याचं कलम नाही. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या घरात हा प्रश्न पहिल्याच रात्री उभा राहतो, कारण ‘हे तिचं, ते त्याचं’ अशी आयती वाटणी तिथे नसते. बसून ठरवावंच लागतं. नवरा-बायकोच्या घरात वाटणी झालेली असते, फक्त ती कुणी कुणाला विचारून केलेली नसते. खालची रीत दोन्हीकडे चालते.

सुरुवात नोंदीपासून. फ्रिजवर एक कागद लावा आणि पेन दोऱ्याने बांधून ठेवा. सुटं पेन दुसऱ्या दिवशी जागेवर सापडत नाही. सात दिवस, काम करणाऱ्याने काम आणि मिनिटं तिथल्या तिथे लिहायची. रात्री आठवून लिहिलेली नोंद कुचकामी, कारण आठवताना प्रत्येकाला आपलेच कष्ट आठवतात. ‘तू किती टक्के करतोस?’ असं जोडप्यातल्या दोघांना वेगवेगळं विचारलं की बेरीज शंभराच्या वर जाते, हे मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांच्या १९७९च्या अभ्यासात दिसलं होतं. कुणी खोटं बोलत नसतं. आपण घासलेलं पातेलं आपल्याला दिसतं, दुसऱ्याने घासलेलं नुसतं स्वच्छ दिसतं.

कागदावर न दिसणारी कामंही हवीत. साबण संपत आलाय हे लक्षात येणं, पाहुण्यांसाठी चादरी आधी धुवून ठेवणं, नळ गळतोय म्हणून चार फोन करणं. याला मिनिटं कमी आणि डोकं जास्त लागतं, आणि भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात.

आठवडा संपला की मिनिटांना वेळांनी गुणा. नमुन्यादाखल : भांडी २५ मिनिटं, दिवसातून दोनदा, म्हणजे आठवड्याला ३५०. केर १० × ७ = ७०. लादी २५ × ३ = ७५. धुणं, म्हणजे मशीन लावणं, वाळत घालणं, घड्या करणं मिळून ४५ × ३ = १३५. बाथरूम-संडास ४०. एकूण ६७० मिनिटं, म्हणजे ११ तास १० मिनिटं, आणि यात स्वयंपाक अजून धरलेलाच नाही. प्रत्येक कामाच्या आकड्याशेजारी दोघांनी आपापल्या नावडीचे गुण द्यायचे, १ ते ३. एकाला लादी १ आणि मोरी ३, दुसऱ्याला उलटं, असं निघालं तर निम्मी वाटणी तिथेच झाली.

उरलेल्या कामांसाठी जुनीच युक्ती : एकाने दोन वाटे करायचे, दुसऱ्याने त्यातला एक उचलायचा. वाटे करणाऱ्याला कुठला पदरात पडेल हे माहीत नसतं, म्हणून तो आपसूक न्यायाने करतो. पुढच्या वेळी भूमिका उलट. इथे मतदान करू नका. समलिंगी लग्नाला आयर्लंडने २०१५च्या सार्वमतात ६२ टक्क्यांनी कौल दिला, ऑस्ट्रेलियाच्या २०१७च्या टपाली पाहणीत ६१.६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. दोन मतदारांच्या घरात मात्र निकाल कायम १-१ लागतो आणि सभात्याग करायला एकच बाल्कनी असते.

आता मुख्य नियम. खातं द्यायचं ते अख्खं : लक्षात ठेवणं, सामान आणणं आणि करणं, तिन्ही एकाकडे. ‘तू सांग, मी करतो’ म्हणणारा बिनखात्याचा मंत्री असतो. सांगणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं तसंच राहतं. उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. खातं दिल्यावर दारात उभं राहून उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत.

बाथरूमच्या बाबतीत तर अर्धं-अर्धं वाटणं धोक्याचं आहे. सकाळी एकाने फरशीवर ब्लीच टाकलं आणि ते नीट धुतलं गेलं नाही, दुपारी दुसऱ्याने डाग काढायला आम्लाचं क्लीनर ओतलं, की दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनर हेही तितकंच वाईट. म्हणून बाथरूमच्या सगळ्या बाटल्या एकाच्याच ताब्यात ठेवा, एका दिवशी एकच रसायन वापरा आणि आधीचं भरपूर पाण्याने धुवून टाका. डोळे चुरचुरले, घशात खवखवलं तर वाकून पुसत बसू नका. बाहेर या, दार-खिडकी उघडी टाका.

धुण्यात ज्याने बटण दाबलं त्यानेच वाळत घालायचं. मशीन थांबल्यावर कपडे आत तासन्‌तास राहिले की कुबट वास धरतात आणि मग ‘मला वाटलं तू काढशील’ सुरू होतं. बटण दाबतानाच मोबाइलवर गजर लावून टाका. ड्रम पाऊण भरा; कपड्यांवर पंजा आडवा मावायला हवा. कोंबून भरलं तर कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत आणि मळ निघत नाही. पावडर जास्त घातली की जास्त स्वच्छ, हा गैरसमज आहे. जादा पावडर धुवून निघत नाही, गडद कपड्यांवर पांढरे पट्टे राहतात, टॉवेल कडक होतात. तसं झालंच तर पावडरीशिवाय एकदा नुसत्या पाण्यात फिरवा. टॉवेलला सॉफ्टनर नको, पाणी शोषेनासे होतात. महिन्यातून एकदा फिल्टर साफ करा, मशीन रिकामं ६० अंशांवर चालवा आणि एरवी झाकण उघडं ठेवा.

भांड्यांत खरा वाद ‘झालं’ या शब्दावर असतो. एकाच्या मते भांडी घासली की झालं, दुसऱ्याच्या मते ओटा कोरडा झाल्यावर. म्हणून ‘झालं’चा अर्थ यादीतच लिहा : भांडी निथळत ठेवली, सिंकच्या जाळीतला गाळ काढला, ओटा पुसला, फडकं पिळून पसरलं. क्रम पेले, चमचे, ताटल्या आणि शेवटी तेलकट पातेली, म्हणजे घासणीचं तूप-तेल काचेला लागत नाही. दूध, अंडं, कणीक लागलेलं भांडं आधी गार पाण्यात. गरम पाण्याने ते आणखी चिकटतं. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात तळ बुडेल एवढं पाणी आणि मोठा चमचाभर खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळवा, निवल्यावर लाकडी उलथन्याने खरवडा. अॅल्युमिनियमच्या भांड्याला हे करू नका, काळं पडतं. आणि ‘भिजत ठेवलंय’ याची मुदत एक रात्र. सकाळी त्याला भिजवणं म्हणत नाहीत, टाळणं म्हणतात.

वाटणी तीन महिन्यांनी पुन्हा काढा. नोकरीची वेळ बदलली, कुणी आजारी पडलं की जुने आकडे खोटे ठरतात. ही बैठक जेवल्यावर घ्या, तुंबलेल्या सिंकसमोर उभं राहून नको.

शेवटचं खातं कागदपत्रांचं. जिथे कायदा लग्न मानतो तिथे वारसा, दवाखान्यातला अधिकार वगैरे बरंचसं आपोआप मिळतं. जिथे मानत नाही तिथे तेवढ्यासाठी वेगवेगळे कागद करावे लागतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात हा विषय संसदेकडे सोपवला, त्यामुळे तिथल्या जोडप्यांना हे घरकाम चुकत नाही. भाडेकरारावर दोघांची नावं, बँकेत संयुक्त खातं, प्रत्येक ठेवीला आणि विम्याला नॉमिनी, दोघांची स्वतंत्र मृत्युपत्रं. नॉमिनी नेमला म्हणजे वारस ठरला असं होत नाही, त्यामुळे मृत्युपत्र हवंच. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करायचं नाही. आजारपणात निर्णय कुणी घ्यायचा हेही वेगळं लिहून ठेवा आणि त्याचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. फाईल सांभाळणारा एकच असला तरी ती कुठल्या कप्प्यात आहे हे दुसऱ्याला अंधारातही सांगता आलं पाहिजे.