भाजलेली गोबी-काशीफळ अन् वरून शिळ्या भाकरीचा कुरकुरीत चुरा

रात्रीची एखादी ज्वारीची भाकरी उरतेच, मग सकाळी तिचा एकतर कुस्करा करायचा नाहीतर दुधात कालवून खायची. मी तिसरं काहीतरी सांगते. तिचा कडक चुरा करून भाजलेल्या भाज्यांवर पेरा, वरण-भातासोबत तोंडी लावायला लई भारी लागतं, अन् गोबी बघून नाक मुरडणारी आमची पोरं चुऱ्यापायी गोबी पण खायलेत.

अर्धा किलो फुलगोबी अन् पावभर काशीफळ (म्हणजे लाल भोपळा) घ्या. हिवाळ्यात गाजर पण छान लागतं. वांगी घेतली तर फोडी मोठ्या ठेवा, नाहीतर भरीत होतं. दोडका-दुधीच्या नादी लागू नका, पाणीच पाणी सुटतं.

गोबीचे तुरे मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा म्हणजे अळ्या-बिळ्या निघतील, अन् मग फडक्यावर पसरून पार कोरडे करा. कंटाळा करायचा नाही इथं, कारण भाजी ओली असली की आधी ते पाणीच उकळत बसतं, भाजी शिजून लिबलिबीत होते पण तिला डाग काही पडत नाहीत, अन् चव तर त्या डागांतच असते ना.

आता दोन मोठे चमचे तेल (आमच्याकडं करडईचं, तुम्ही कोणतंबी घ्या), मीठ, चिमूटभर हळद अन् अर्धा चमचा काळा मसाला चोळा. ओव्हन असेल तर २०० डिग्रीवर २५-३० मिनिटं, मधी एकदा उलटवा. नसेल तर लोखंडी तवा चांगला तापवून मध्यम आचेवर भाजा, एका वेळी एकच थर, गर्दी केली की वाफ धरते. झाकण ठेवायचं नाही अन् सारखं हलवायचं पण नाही, खालची बाजू लालसर झाली की मगच उलटायची. लाईटीचा भरवसा नसतो म्हणून मी तर तवाच धरते.

भाजी भाजायलीय तोवर चुरा. भाकरी शाळूची (म्हणजे रब्बी ज्वारीची) असली तर उत्तम, वाण परभणी मोती असो का मालदांडी, चव गोड असते. हातानं बारीक चुरा, पण पीठ करू नका, मिक्सर तर नकोच. कढईत चमचाभर तेलावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परतत राहा, आधी मऊ वाटेल, घाबरू नका, पाणी उडालं की खडखड आवाज यायला लागतो. मग सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून घाला, लसूण तांबूस झाला की मूठभर शेंगदाण्याचं जाडसर कूट, शेवटी चमचाभर तीळ अन् तेवढंच कारळ. तीळ आधी टाकले तर करपून कडू होतात. गॅस बंद करून मगच मीठ अन् लाल तिखट, नाहीतर असा ठसका उठतो की शेजारच्या वहिनी विचारायला येतात काय जळायलंय म्हणून. चुरा ताटात पसरून गार होऊ द्या, गरम डब्यात भरला की घाम धरतो.

अन् वाढताना, म्हणजे अगदी ताटात वाढतानाच, भाजीवर लिंबू पिळून मग चुरा पेरा. पहिल्यांदा केलं तेव्हा पाहुणे यायला उशीर होता, मी शहाणीनं आधीच चुरा घालून वर झाकण ठेवलं, अर्ध्या तासानं उघडलं तर भाजीच्या वाफेनं सगळा उपमा झालेला! पाहुणे बिचारे 'छान झालाय उपमा' म्हणून खाऊन गेले.

चुरा उरला तर घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस कुरकुरीत राहतो, दह्यावर घालून खाल्ला तर भाजीची पण गरज नाही.