पुराआधी भरायची औषधांची पिशवी, आणि पाणी ओसरल्यावरचे दिवस

कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीत पोरांनाही पाठ असतं. पण ४० ला आपण करतो काय, तर गाडी उंचावर लावतो, फ्रीज टीव्ही वर चढवतो आणि आजीच्या बीपीच्या गोळ्या राहतात कपाटात. २०१९ च्या ऑगस्टला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा मी एका शाळेतल्या निवारा केंद्रात मदतीला होतो, तिथं जखमी माणसं थोडी आणि गोळ्या संपलेली माणसं जास्त होती, आणि बऱ्याच जणांना गोळीचं नावच माहिती नव्हतं, "ती पांढरी छोटी" एवढंच सांगायचे. म्हणून जून लागला की पहिलं काम हे करा.

बीपी, शुगर, थायरॉइड, फिट्स, दमा, ज्याची जी गोळी चालू आहे ती महिनाभराची जादा आणून ठेवा, आणि चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये पण काढा आणि एक झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारून ठेवा, कारण फोन भिजतो नाहीतर चार्जिंग संपतं. इन्सुलिन असेल तर लाईट गेली म्हणून घाबरू नका, चालू बाटली गार जागेत साधारण ४ आठवडे टिकते, मातीच्या छोट्या मडक्याभोवती ओलं फडकं गुंडाळून आत कोरड्या डब्यात ठेवायची. फक्त बर्फावर थेट ठेवायची नाही, गोठलं की ते इन्सुलिन वाया गेलं. बाकी पिशवीत पॅरासिटामॉल, ओआरएसची १०-१२ पाकिटं, बँडेज, जखमेचं मलम, थर्मामीटर, साबण, सॅनिटरी पॅड. घरात कुणी गरोदर असेल आणि तारीख जवळ आली असेल तर इशाऱ्याची वाट बघू नका, आधीच दवाखान्याजवळच्या पाहुण्यांकडं नेऊन सोडा, बोटीतून न्यायची वेळ येऊ देऊ नका.

आता पाणी. चारी बाजूला पाणी आणि प्यायला थेंब नाही अशी गत होते. आधी गाळून घ्या, मग खळखळ उकळी येऊ द्या, उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. गॅस नसेल तर आशाताईंकडं मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध) किंवा क्लोरीनच्या गोळ्या मिळतात, पाकिटावर जेवढ्या लिटरला जेवढं लिहिलंय तेवढंच टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं, वास येतो म्हणून टाकून देऊ नका. जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्धं अर्धं करून नाही. पाकीट नसेल तर एक लिटरला ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लहान लेकरांना सोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. आणि तान्ह्याचं अंगावरचं दूध बंद करू नका, कुणी काहीही सांगो.

साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काहीही नको, हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा न हलवता ठेवायचा आणि १०८ ला फोन, लस सरकारी दवाखान्यात मिळते. चावलेला साप शोधण्यात वेळ घालवू नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पाणी ओसरल्यावर. सगळे चिखल काढायला उतरतात, अनवाणी, पायाला चिरा पडलेल्या, आणि त्याच चिखलात उंदीर-जनावरांचं मूत मिसळलेलं असतं. त्यातून होतो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप. गमबूट घाला, नसेल तर जाड प्लास्टिक पायाला बांधा, जखम वॉटरप्रूफ पट्टीनं झाका, काम झालं की साबणानं पाय धुवा. लेप्टो होऊ नये म्हणून आरोग्यवाले डॉक्सीसायक्लीनची गोळी देतात ती त्यांना विचारून, जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्या, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी आपल्या मनानं घ्यायची नाही. गंजका पत्रा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन. टायर, कुंड्या, पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून कोरडे करा, नाहीतर डेंग्यू.

चिखलात उतरलात ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, लघवी पिवळी झाली तर क्रोसिन खाऊन घरी पडून राहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा की मी अमक्या तारखेला पुराच्या पाण्यात होतो.