सफरचंदाच्या बिया श्रावणात फ्रिजमध्ये, पेरणी दिवाळीला

हापूसची कोय पुरली की रायवळच उगवतो, हे कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असतं. सफरचंदाचं तसंच. त्याला फळधारणेसाठी बहुधा दुसऱ्या जातीचा पराग लागतो, त्यामुळे बियांची रोपं आईवर जात नाहीत. बी रुजवायची ती हौसेला किंवा खुंटाला, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या रोपासाठी. बागेचे हिशेब मांडू नका.

फळ कापल्यावर टपोऱ्या, गडद तपकिरी बिया घ्या. चपट्या, फिकट टाकून द्या. धुऊन रात्रभर भिजवा आणि ओलसर वाळूत मिसळून डब्यात भरा. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. डबा फ्रिजमध्ये ३ ते ५ अंशांवर ६० ते ९० दिवस. फ्रीझरमध्ये मुळीच नको. डब्यावर नाव-तारीख लिहा. आमचा पहिला डबा 'हे काय सडवून ठेवलंय' म्हणत उकिरड्यावर गेला. दर पंधरवड्याला उघडून बुरशी बघा. शीतगृहात बरेच महिने राहिलेल्या फळात कधीकधी बी आतच फुटून पांढरं मूळ डोकावतं. ती सरळ कुंडीत लावा.

श्रावणच का? डबा दिवाळीच्या सुमारास बाहेर येतो, तोवर पाऊस सरलेला असतो. मी एकदा ज्येष्ठात पेरणी केली. आठवड्यात सगळी रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली.

कुंडीत तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि वाळू समप्रमाणात. बी एक सेंटिमीटर खोल. सकाळचं ऊन पुरे. मार्चपासून ५० टक्क्यांची शेडनेट लावा आणि मृगाआधी कुंड्या पडवीत घ्या. उघड्यावर राहिल्या तर गोगलगायी शेंडे ठेवत नाहीत.

फळाचं म्हणाल तर नेहमीच्या जातींना ७ अंशांखालची ८०० ते १२०० तासांची थंडी लागते. ती मालवण-रत्नागिरीत कुठली? रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की पौष-माघात त्यावर कमी थंडीच्या जातीचं कलम बांधा: अ‍ॅना, डोरसेट गोल्डन किंवा हिमाचलातल्या बिलासपूरची एचआरएमएन-९९. अ‍ॅनाजवळ डोरसेट हवंच, परागासाठी. कलमाखाली खुंटाला फुटवे येतील, ते दिसताच खुडा. नाहीतर कलम उपाशी आणि खुंट माजतो.