पिकअपला लिफ्ट किट घेताना

हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी पिकअप लिफ्ट किटने, म्हणजे सस्पेन्शन उंच करणाऱ्या संचाने, उचलायची असेल तर किती इंच ते नंतर बघा. आधी हौद्यात रोज किती वजन असतं ते ठरवा. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) त्या हिशेबाने निवडायचे असतात. रिकाम्या गाडीला जड पाटे बसवलेत तर धक्क्यांनी कंबर तुम्हाला जाब विचारेल! पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, म्हणून साधारण 2 इंचांवर गेलात की सीव्ही जॉइंटचा (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना पोचवणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो, त्याचे रबरी बूट लवकर फाटतात आणि वरचे कंट्रोल आर्मही (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे दांडे) बदलायची वेळ येते. नुसते स्पेसर (स्प्रिंगला जोडून बसवायचे ठोकळे) स्वस्त खरे, पण त्यांनी फक्त उंची मिळते. स्प्रिंगला जुळणारे शॉकअब्झॉर्बर असलेला पूर्ण संचच घ्यावा. बसवल्यावर चाकांचं अलाइनमेंट करा, हेडलाइटचा झोत खाली घ्या. आरटीओ आणि विमा कंपनीला मात्र खरेदीआधीच विचारा.