जुन्या शेव्हरोले पिकअपला एसी कसा बसवावा

१९६७ ते १९७२ या काळातल्या शेव्हरोले सी-१० पिकअपला कारखान्यातून एसी घेता येत असे, परंतु शेताच्या आणि ओझ्याच्या कामासाठी ट्रक घेणाऱ्या पुष्कळांनी तो वरखर्च केला नाही. त्यामुळे आज टेक्सासमध्ये असा ट्रक विकत घेणाऱ्याच्या वाट्याला बहुधा केवळ हीटर आणि पायांजवळच्या दोन हवेच्या झडपाच येतात. सॅन अँटोनिओच्या जुलैत पत्र्याच्या त्या केबिनमध्ये दुपारी बसणे ही शिक्षा असते. माझ्या १९६९ च्या ट्रकला मी प्रथम एसी बसवला तेव्हा सगळे सुटे भाग उत्तम होते आणि तरीही काम फसले. त्यानंतर स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून नऊ ट्रकांवर हे काम केल्यावर माझे मत पक्के झाले आहे की या कामात माणूस फसतो तो नटबोल्टांपाशी नाही, तर ओलीपाशी.

वाचकाला पाने-पक्कड हाताळता येतात आणि बॅटरी सोडवून, रेडिएटर रिकामा करूनच कामाला हात घालायचा असतो हे त्याला ठाऊक आहे, असे मी गृहीत धरतो. किट मात्र आपल्या ट्रकच्या सालासाठीच बनवलेले घ्यावे. सॅन अँटोनिओतच १९७६ पासून जुन्या गाड्यांचे एसी बनवणारी व्हिंटेज एअर ही कंपनी आहे, आणि इतरही चांगले उत्पादक आहेत. निरनिराळ्या भंगार गाड्यांमधून एकेक भाग जमवून एसी उभा करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. त्यात वाचलेले पैसे होज आणि फिटिंग जुळवण्यातच जातात.

सुरुवात केबिनमधून करावी. जुनी हीटरची पेटी आणि ग्लव्ह बॉक्स काढून त्या जागी इव्हॅपोरेटरचे, म्हणजे हवा गार करणाऱ्या थंड कॉइलचे युनिट बसते, आणि किटसोबत येणारा उथळ ग्लव्ह बॉक्स त्याच्यापुढे बसतो. फायरवॉलमधली (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातली) जुनी भोके किटसोबतच्या पत्र्याने झाकून सीलंटने बंद करावीत आणि पायांजवळच्या झडपाही पक्क्या बंद कराव्यात, कारण इंजिनाची गरम हवा आत येत राहिली तर कोणताही एसी पुरा पडत नाही. गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो याची खात्री येथेच करून घ्यावी. तो थोडा जरी गळत असला तरी थंड कॉइलच्या शेजारी गरम पाणी फिरत राहते, आणि मालक मात्र गॅस कमी पडला असे समजून तो वाढवत बसतो.

कंडेन्सर, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे बसवावा आणि फॅनचा श्राउड (पंख्याभोवतीचे वेष्टण) नसेल तर तो आधी आणावा. श्राउडविना एसी लावलेला ट्रक सिग्नलवर उभा राहिला की तापतो, आणि त्याचा दोष उगाच कंडेन्सरवर येतो.

गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचे ब्रॅकेट मागवण्यापूर्वी वॉटर पंप मोजावा. स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनांवर सुमारे ५⅝ इंचांचा आखूड आणि सुमारे ६ १५/१६ इंचांचा लांब असे दोन प्रकारचे पंप असतात, आणि पन्नास वर्षांत आपल्या ट्रकवर कोणी कोणता बसवला हे साल पाहून कळत नाही. पुल्या एका रेषेत आहेत की नाही हे सरळ पट्टी लावून पाहावे.

होज तीन असतात. कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरच्या वरच्या तोंडाकडे आठ नंबरची, कंडेन्सरच्या खालच्या तोंडाकडून ड्रायरमार्गे (हा ओल शोषणारा डबा) इव्हॅपोरेटरकडे सहा नंबरची आणि इव्हॅपोरेटरकडून परत कॉम्प्रेसरकडे सर्वांत जाड अशी दहा नंबरची होज जाते. सांध्यातल्या प्रत्येक ओ-रिंगला (रबरी कड्याला) मिनरल ऑइलचा हात लावावा. कॉम्प्रेसरमधले पॅग तेल लावू नये, कारण ते हवेतली ओल शोषते. अ‍ॅल्युमिनियमची फिटिंग नेहमी दोन पान्यांनी आवळावी, एक धरायला आणि एक फिरवायला, नाहीतर इव्हॅपोरेटरची नळी पिळवटते. वायरिंगमध्ये रिले आणि प्रेशर स्विच कधीही गाळू नये. मूळचा लहान अल्टरनेटर असेल तर मोठा बसवावा.

आता ओलीची गोष्ट. माझ्या पहिल्या वेळी मी ड्रायर सर्वांत आधी बसवला होता, कारण तो बसवणे सोपे होते, आणि त्याची टोपणे काढून होज येईपर्यंत पाच दिवस तो तसाच उघडा ठेवला होता. ड्रायरच्या पोटात ओल शोषणारे दाणे असतात. त्यांनी गॅरेजमधल्या हवेतली ओल त्या पाच दिवसांत पोटभर शोषून घेतली. त्यावर सुट्या भागांच्या दुकानातल्या माणसाने सांगितले की गॅस भरण्याआधी आतली हवा काढणारा व्हॅक्यूम पंप दहा मिनिटे चालवला की पुरे, आणि मी तेही ऐकले. पहिले दोन आठवडे गारवा उत्तम होता. मग एका दुपारी महामार्गावर वीस मिनिटांनी हवा कोमट झाली. मी थांबलो, पंधरा मिनिटांनी पुन्हा निघालो, तर हवा परत गार. असे आठवडाभर चालले आणि त्या काळात मी थर्मोस्टॅट बदलला, रिले बदलला, थोडा गॅसही वाढवला. शेवटी मॅनिफोल्ड गेज (एसीच्या दोन्ही बाजूंचे दाब दाखवणारे काटे) लावूनच ट्रक चालू ठेवला, तेव्हा गारवा गेला त्याच क्षणी कमी दाबाचा काटा शून्याखाली उतरलेला दिसला. इव्हॅपोरेटरमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात पाण्याचा थेंब गोठत होता, वाट बंद होत होती, आणि ट्रक थांबला की बर्फ वितळून वाट पुन्हा उघडत होती.

म्हणून ड्रायर सर्वांत शेवटी उघडावा, आणि तोही व्हॅक्यूम पंप शेजारी तयार ठेवून. त्याची टोपणे काढणे आणि दोन्ही फिटिंग आवळणे यांत पाच मिनिटांहून अधिक वेळ जाऊ देऊ नये. त्यावरचा बाण इव्हॅपोरेटरच्या दिशेने असावा.

पंप किती वेळ चालवावा यावर जितकी माणसे तितकी मते ऐकू येतात, पण उत्तर पाण्याच्या उत्कलनबिंदूत आहे. पंप पाणी ओढून काढत नाही. तो दाब इतका खाली आणतो की पाणी आतल्या आतच उकळते, आणि मग त्याची वाफ बाहेर जाते. समुद्रसपाटीवर २७ इंच (पाऱ्याच्या उंचीत मोजलेल्या) व्हॅक्यूमला पाणी सुमारे ४६ अंश सेल्सिअसला उकळते, २८ इंचांना सुमारे ३८ ला आणि २९ इंचांना सुमारे २५ ला. शेवटचा एक इंच किती मोलाचा आहे ते यावरून कळते. थकलेला पंप २७ वर अडला असेल आणि सकाळी गॅरेजमध्ये २० अंश असतील, तर तो दिवसभर चालवूनही थेंब तिथेच राहील. मी हे काम मुद्दाम कडक दुपारी, ट्रक उन्हात लावून करतो आणि पंप कमीत कमी पाऊण तास, दमट दिवशी दोन तास चालवतो. उंचीवर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा होतो. ५,२८० फुटांवरच्या डेन्व्हरमध्ये साधे गेज २५ च्या आसपासच थांबेल आणि तो पंपाचा दोष नसेल. मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यात कोणी जुन्या जीपवर हेच काम करत असेल, तर त्याने दोन तासांत तडजोड करू नये.

पंप बंद करण्यापूर्वी मॅनिफोल्डचे व्हॉल्व्ह बंद करावेत आणि अर्धा तास काट्याकडे पाहावे. काटा थोडा वर सरकून थांबला तर आत अजून पाणी उकळते आहे, पंप पुन्हा लावावा. तो सरकतच राहिला तर गळती आहे. मायक्रॉन गेज (अगदी कमी उरलेला दाब मोजणारे) असेल तर हा फरक फार स्पष्ट दिसतो, आणि ५०० मायक्रॉनपर्यंत खाली गेल्याशिवाय मी पुढे जात नाही. तरीही काटा स्थिर राहिला म्हणजे गळती नाहीच असे समजू नये, कारण व्हॅक्यूममध्ये दाबाचा फरक जेमतेम १४.७ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो आणि चालू एसीत तो २०० च्या पुढे जातो. शंका असेल तर कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या पाण्याने सांधे तपासावेत आणि नंतर पुन्हा पूर्ण व्हॅक्यूम करावा. टायरला हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरची हवा यासाठी कधीही वापरू नये. ती ओली असते, आणि आर-१३४ए (या एसीत भरायचा गॅस) सोबत दाबाखाली तिचे मिश्रण पेट घेऊ शकते.

गॅस वजनानेच भरावा. गॅस दिसण्यासाठी असलेल्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरा, हा सल्ला आर-१२ या जुन्या गॅसच्या काळातला आहे; अमेरिकेत त्या गॅसचे उत्पादन १९९५ अखेर थांबले, तरी सल्ला अजून फिरतो आहे, आणि आर-१३४ए च्या बाबतीत तो ऐकला की गॅस हमखास जास्त होतो. माझ्या किटच्या पुस्तिकेत १.८ पौंड, म्हणजे २८.८ औंस लिहिले होते. १२ औंसांचे दोन डबे पूर्ण आणि तिसऱ्यातले फक्त ४.८ औंस, एवढेच ते होतात; स्वयंपाकघरातला काटा डब्याखाली ठेवला तर हे सहज जमते. चार तोंडांचा मॅनिफोल्ड घ्यावा, म्हणजे पंप काढून डबा जोडताना हवा आत शिरत नाही. भरण्याआधी कॉम्प्रेसरचा पुढचा भाग हाताने दहा-पंधरा वेळा फिरवावा, आणि इंजिन चालू असताना डबा उभाच ठेवून फक्त कमी दाबाच्या बाजूने वायू जाऊ द्यावा. डबा उलटा करून द्रव पाठवला तर कॉम्प्रेसरच्या झडपा मोडतात. ट्रकमध्ये आधीचा गॅस असेल तर तो हवेत सोडणे कायद्याने गुन्हा आहे, तो प्रमाणित मेकॅनिककडून काढून घ्यावा. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या गाडीवर हे काम करायचे असेल, तर आपल्यालाही ते प्रमाणपत्र लागते.

इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर ठेवून मधल्या झरोक्यात थर्मामीटर लावावा आणि दोन्ही दाब लिहून ठेवावेत. जास्त दाब ३०० पीएसआयच्या पुढे गेला तर गॅसला हात लावण्याआधी कंडेन्सरपुढे मोठा पंखा ठेवून पाहावे. दाब उतरला तर उणीव हवेची आहे. दोन आठवड्यांनी बेल्ट पुन्हा ताणावा आणि प्रत्येक सांध्यावरून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. फडक्याला तेल लागले, तर त्या सांध्याची ओ-रिंग गॅस काढून घेतल्यावरच बदलावी आणि नवा ड्रायर आणावा.