पळालेल्या कोंबड्या खुराड्यात आणल्या त्या अशा

परवा दुपारी खुराड्याची कडी नीट लागली नाही आणि सातही गावठी कोंबड्या परसात पांगल्या. मी मागे धावलो, तशा त्या आणखीच बिथरल्या. एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, तर कुंपणापलीकडे गेली. मग थांबलो. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, त्यामुळे तिन्हीसांजेला ती आपणहून निवाऱ्याकडे वळते. दार उघडं ठेवलं, रोजच्या डब्यातली कणी खुळखुळवली, थोडी आत टाकली. सहाजणी मुकाट शिरल्या. तलंग फणसाच्या खालच्या फांदीवर बसली होती. पूर्ण काळोख झाल्यावर दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून तिला अलगद उचललं. एकच पंख किंवा पाय धरून कधीही ओढू नका, बिचारीचा सांधा निखळू शकतो. कडीला आता तारेचा आकडाही लावलाय. आमच्याकडे मुंगसं फार.